गाडीच्या करारातलं लवादाचं कलम : इंदूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंदुरात ग्राहकांच्या बाजूने तक्रारी चालवताना रामबाग, लोकमान्यनगर, सुदामानगर आणि आता निपानियाकडच्या फ्लॅटांतून जे फोन येतात, त्यांतले प्रश्न इथे लिहून काढले आहेत. वाद झाला तर न्यायालयात न जाता लवादाकडे, म्हणजे त्यासाठी नेमलेल्या खासगी निवाडा करणाऱ्याकडे जायचं, असं सांगणारं हे कलम. अनुभव असा की लोक शोरूमच्या कागदाला घाबरतात आणि फायनान्स कंपनीचा लिफाफा न फोडता टीव्हीखालच्या खणात टाकतात. खरी भीती कुठल्या कागदाची बाळगायची, ते पुढे येईलच.

बुकिंग फॉर्मवर ‘मध्यस्थ’ असं लिहिलंय. म्हणजे समेट घडवून आणणारा माणूस ना?

नाही. आपल्याकडचे बरेच फॉर्म हिंदीत असतात आणि इथेच मराठी माणूस फसतो. आपण ‘मध्यस्थी’ म्हणतो तेव्हा डोळ्यांसमोर येतात ते दोन्हीकडच्यांना चहा पाजून मिटवामिटवी करणारे काका. कायद्याच्या हिंदीत मात्र ‘मध्यस्थ’ म्हणजे लवाद, ‘माध्यस्थम्’ म्हणजे लवादाची कार्यवाही आणि ‘पंचाट’ म्हणजे त्याचा निवाडा. तो निवाडा न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखा अमलात येतो, पगारावर किंवा बँक खात्यावर टाच आणू शकतो. समजूत घालणाऱ्या काकांना तो अधिकार नसतो.

ग्राहक कायद्यातही समेटाची वेगळी सोय आहे. 2019 च्या कायद्यात त्यासाठी स्वतंत्र प्रकरण आहे आणि आयोग दोन्ही बाजूंच्या लेखी संमतीने प्रकरण तिकडे पाठवू शकतो. तिथे जायला हरकत नाही, पटलं नाही तर परत यायचं. लवादाचं तसं नसतं.

मी सही केली आहे. आता ग्राहक आयोगाचं दार बंद झालं का?

बंद झालेलं नाही. गाडी स्वतःसाठी घेतली असेल तर शोरूमने, उत्पादकाने किंवा वेबसाइटने कितीही बारीक अक्षरात लवादाचं कलम छापलेलं असो, ग्राहक आयोगात जायचा तुमचा हक्क त्या सहीने जात नाही.

याचं मूळ 1986 च्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम 3 मध्ये आहे. हा कायदा इतर कायद्यांना बाधा आणत नाही, त्यांच्या जोडीने जास्तीचा उपाय देतो, असं ते कलम सांगत होतं. 2019 चा नवा कायदा 20 जुलै 2020 पासून लागू झाला, त्यात तेच कलम 100 म्हणून आलं. लवादाचं कलम असलं तरी ग्राहक मंच (आताचा आयोग) तक्रार ऐकू शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्ये फेअर एअर इंजिनिअर्स प्रकरणात सांगितलं. बियाण्यांच्या एका प्रकरणात 2012 साली तेच पुन्हा सांगितलं आणि भर घातली : लवाद हा पर्याय आहे, सक्ती नाही.

तुम्ही सही केलीत ती गाडी हवी होती म्हणून. त्या फॉर्ममधला एक शब्दही बदलायची मुभा तुम्हाला नव्हती. कायद्याने ही विषमता ओळखली आहे, एवढंच.

पण 2015 मध्ये लवाद कायदा बदलला म्हणतात. त्याने हे सगळं उलटलं नाही का?

कंपन्यांच्या वकिलांनी हाच मुद्दा लावून धरला होता, आणि तो अगदी फालतू नव्हता. 1996 च्या लवाद कायद्याचं कलम 8 सांगतं की करारात लवाद असेल तर न्यायालयाने पक्षकारांना तिकडे पाठवावं. 2015 च्या दुरुस्तीने त्यात शब्द आले : सर्वोच्च न्यायालयाचा कोणताही निकाल असला तरी. वाचताना वाटतं की आधीचे सगळे ग्राहकांचे निकाल एका ओळीत पुसले गेले.

राष्ट्रीय ग्राहक आयोगाच्या मोठ्या पीठाने जुलै 2017 मध्ये एमार एमजीएफ या बांधकाम कंपनीच्या प्रकरणात हा युक्तिवाद फेटाळला. डिसेंबर 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही पुनर्विलोकनाचा अर्ज नामंजूर करून तेच कायम केलं. त्याच लवाद कायद्याच्या कलम 2(3) मध्ये लिहिलं आहे की दुसऱ्या एखाद्या कायद्याने जे वाद लवादाबाहेर ठेवले, त्यांना हा कायदा हात लावत नाही. 2015 ची दुरुस्ती त्या कलमावर चालत नाही. प्रकरण घराच्या खरेदीचं होतं, पण तत्त्व गाडीलाही तेच.

आयोगात प्रत्यक्षात काय होतं?

पहिल्या किंवा दुसऱ्या सुनावणीला कंपनीचा वकील दोन पानी अर्ज देतो. वर ‘धारा 8 के अंतर्गत आवेदन’, खाली कराराच्या त्या एका पानाची झेरॉक्स, कलमावर पिवळा मार्कर. हा अर्ज मूळ म्हणणं मांडायच्या आतच द्यावा लागतो, म्हणून घाई असते. तुम्ही स्वतः उभे असाल तर घाबरू नका. एमार एमजीएफच्या निकालाची प्रत आणि कलम 100 जोडून अर्ध्या पानाचं उत्तर द्या. माझ्या माहितीत हा अर्ज टिकलेला नाही. उद्देश बहुतेकदा एक-दोन तारखा काढण्याचाच असतो.

एक गोष्ट मात्र कंपनीला जड जाते. ग्राहक कायद्यात लेखी जबाब 30 दिवसांत द्यायचा, फार तर 15 दिवस वाढवून मिळतात. त्यापुढे आयोगालाही सवलत देता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने मार्च 2020 मध्ये ठरवून टाकलं. नोटीस कोणत्या तारखेला पोहोचली, त्याचा पोस्टाचा पुरावा म्हणूनच जपून ठेवायचा.

कंपनी उलट मलाच लवादाकडे ओढू शकते का?

ऑक्टोबर 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयात तेलंगणातून असंच प्रकरण आलं. ग्राहक आयोगात गेला, बिल्डरने उच्च न्यायालयात लवाद नेमून मागितला. न्यायालय म्हणालं, ग्राहक कायदा कल्याणकारी आहे, असा वाद दोन्ही बाजूंची खुषी असेल तरच लवादाकडे जाईल. निवड ग्राहकाची.

म्हणून तक्रार आधी दाखल करा. पावती हातात असली की पुढचं सगळं सोपं जातं.

मला स्वतःलाच लवाद बरा वाटला तर?

जा, पण हिशोब करून जा. लवाद कायद्याच्या चौथ्या परिशिष्टात शुल्काचा नमुना दर आहे : 5 लाखांपर्यंतच्या वादाला 45,000 रुपये, त्यापुढे 20 लाखांपर्यंत वरच्या रकमेवर साडेतीन टक्के. एकच लवाद असेल तर 25 टक्के जास्त. बारा लाखांच्या गाडीचा पूर्ण वाद त्या दराने 86,875 रुपयांवर जातो. हे फक्त लवादाचं शुल्क झालं, वकिलाचं आणि जागेचं वेगळं. बारा लाख मोजलेल्या गाडीच्या तक्रारीचं जिल्हा आयोगातलं शुल्क आहे 400 रुपये. मोबदला, म्हणजे गाडीसाठी मोजलेली रक्कम, 5 लाखांपर्यंत असेल तर काहीच नाही.

आणि एकदा लवाद निवडला की परत आयोगात यायची वाट अवघड होते. 2012 च्या बियाण्यांच्या निकालात तसा इशारा आहे. दोन्ही दगडांवर पाय ठेवू नका.

माझं भांडण शोरूमशी नाही, कर्ज देणाऱ्या कंपनीशी आहे. तिथेही असंच?

इथे जरा निवांत वाचा. आमच्याकडे रडवेल्या चेहऱ्याने येणारी बहुतेक माणसं याच प्रश्नाची असतात.

तत्त्व तेच. कर्ज ही सेवा आहे, तुम्ही ग्राहक आहात. जादा व्याज लावलं, हप्ते भरूनही ‘एनओसी’ (ना-हरकत दाखला) दिली नाही, आरसी बुकावरचा बोजा उतरवला नाही, तर ग्राहक आयोगात जाता येतं. पण शोरूमला तुमच्याकडून काही वसूल करायचं नसतं, म्हणून ती लवादाचं कलम फक्त ढाल म्हणून वापरते. फायनान्स कंपनीला वसूल करायचं असतं. तिच्या हातात तेच कलम तलवार आहे, आणि ती वाट पाहत बसत नाही.

क्रम साधारण असा. दोन-तीन हप्ते थकतात. एक पत्र येतं, कर्ज रद्द करून सगळी बाकी मागतात. मग दुसरं पत्र : अमुक वकिलांना लवाद नेमलं आहे, चेन्नई किंवा मुंबईला अमुक तारखेला हजर राहा. माणूस म्हणतो, एवढ्यासाठी चेन्नईला कोण जातो? लिफाफा खणात. सहा-आठ महिन्यांनी एकतर्फी निवाडा होतो. त्यानंतर इंदूर जिल्हा न्यायालयाचा बेलिफ दारात.

चेन्नईचा निवाडा इंदुरात कसा चालतो, असं लोक अविश्वासाने विचारतात. चालतो. फेब्रुवारी 2018 चा सर्वोच्च न्यायालयाचा सुंदरम फायनान्सचा निकाल आहे. प्रकरण गाडीच्या कर्जाचं आणि आपल्याच प्रदेशातल्या मुरैन्याचं. निवाडा तमिळनाडूत झाला आणि कंपनी वसुलीसाठी थेट मुरैन्याच्या न्यायालयात गेली. न्यायालयाने सांगितलं की आधी तिकडच्या न्यायालयातून वर्ग करून आणायची गरज नाही, जिथे मालमत्ता तिथे थेट अंमलबजावणी. आणि गंमत बघा, हाच निवाडा रद्द करून घ्यायचा तर मात्र लवादाचं कायदेशीर ठिकाण जिथे ठरलं आहे, त्या गावच्या न्यायालयात तुम्ही जायचं. मुदत प्रत मिळाल्यापासून तीन महिने, सबळ कारण असेल तर वर 30 दिवस. त्यानंतर एक दिवसही नाही. नुसता अर्ज केल्याने वसुली थांबत नाही, स्थगिती वेगळी मागावी लागते.

मग पत्र आल्यावर नेमकं काय करायचं?

लिफाफा फोडा. तारीख लिहून ठेवा. मग लेखी उत्तर द्या, पोस्टाने आणि ईमेलने. त्यात दोन गोष्टी यायला हव्यात.

पहिली, लवाद कोणी नेमला? कंपनीने एकटीने नेमला असेल तर ते बहुधा टिकत नाही. ज्याचा निकालात स्वार्थ आहे त्याने एकट्याने लवाद नेमू नये, हे पर्किन्स ईस्टमन प्रकरणात नोव्हेंबर 2019 मध्ये ठरलं. नोव्हेंबर 2024 मध्ये रेल्वे विद्युतीकरणाच्या प्रकरणात घटनापीठानेही एकतर्फी नेमणुकीवर बोट ठेवलं. ‘मला ही नेमणूक मान्य नाही’ एवढं वाक्यही कामाचं आहे. उलट, वसुलीवाले कधी कधी ‘बस एक फॉर्मेलिटी है’ म्हणत एक कागद पुढे करतात. वाद उभा राहिल्यानंतर तुम्ही लेखी संमती दिलीत तरच हा आक्षेप सोडल्यासारखा होतो, आणि त्या कागदात बहुधा तेच असतं. सही करू नका.

दुसरी, आयोगात तक्रार चालू असेल तर तिचा क्रमांक कळवा आणि लवादाच्या अधिकारावर आक्षेप घ्या. हा आक्षेप बचावाचं निवेदन द्यायच्या आतच घ्यावा लागतो. तक्रार करायची राहिली असेल तर लगेच करा. निवाडा आधी झाला आणि तुम्ही नंतर आयोगात गेलात तर कंपनी राष्ट्रीय आयोगाचे जुने निकाल दाखवते, आणि बऱ्याचदा ते चालतं.

पत्ता बदलला असेल तर कंपनीला कळवा. रामबागेतला जुना वाडा सोडून फ्लॅटमध्ये गेलेल्या एका काकांच्या सगळ्या नोटिसा वाड्याच्या बंद दाराला चिकटवल्या गेल्या होत्या. पाकिटावर पोस्टमनने ‘दरवाजा बंद’ असं लिहिलेलं. शेवटच्या माहीत असलेल्या पत्त्यावर रजिस्टर पोस्टाने पाठवलेली नोटीस पोहोचली, असं धरायची कायद्यातच सोय आहे. काकांनी ती पाकिटं पहिल्यांदा पाहिली ती न्यायालयाच्या फायलीत.

हप्ता थकला म्हणून गाडी रस्त्यातून उचलून नेली. चालतं का?

दमदाटी करून नाही. वसुलीसाठी गुंड पाठवण्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने 2007 मध्ये झापलं आणि 2011 मध्ये पुन्हा सांगितलं की गाडी ताब्यात घ्यायची तर कायदेशीर मार्गानेच. मात्र लवाद कायद्याखाली न्यायालयाकडून किंवा लवादाकडून अंतरिम आदेश आणता येतो. आलेल्या माणसाकडे आदेशाची प्रत मागा, फोटो काढा. प्रत नसेल तर 112 ला फोन करा.

गाडी टॅक्सी म्हणून चालवतो. किंवा कंपनीच्या नावावर आहे.

एकच गाडी, स्वतः चालवता, त्यावर घर चालतं : तुम्ही ग्राहक. स्वयंरोजगाराचा अपवाद कायद्यातच आहे, तक्रारीत तो शब्दांत लिहा. पाच गाड्या आणि पाच ड्रायव्हर असतील तर बहुधा ग्राहक ठरत नाही. मग लवादाचं कलम पूर्ण जोरात लागू होतं आणि वर लिहिलेलं बरंचसं तुमच्या कामाचं नाही.

कंपनीच्या नावावरची गाडी म्हणजे आपोआप व्यापारी हेतू, असं नाही. संचालकाच्या वैयक्तिक वापरासाठी घेतलेली गाडी ग्राहक कायद्याखाली येऊ शकते, असं जुलै 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलं.

करारात ‘फक्त मुंबईच्या न्यायालयांना अधिकार’ लिहिलंय.

2019 च्या कायद्याने तक्रारदार जिथे राहतो किंवा काम करतो तिथे तक्रार करायची मुभा दिली. देवास नाक्याच्या शोरूममधून घ्या नाहीतर पुण्याहून आणा, राहता इंदुरात तर तक्रार इंदुरात. ई-जागृती पोर्टलवर घरबसल्याही दाखल होते. आधी काही विचारायचं असेल तर 1915 ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे.

किती किमतीपर्यंत जिल्हा आयोग?

मोबदला 50 लाखांपर्यंत असेल तर जिल्हा, 2 कोटींपर्यंत भोपाळचा राज्य आयोग, पुढे दिल्लीचा राष्ट्रीय आयोग. मोजायचा तो दिलेला मोबदला, मागितलेली भरपाई नाही. वडोदऱ्याच्या एका कुटुंबाच्या गाडीला चालताना आग लागून मालक गेले, गाडी 31 लाखांची, भरपाई मागितली 50 कोटींच्या वर. तरी तक्रार जिल्हा आयोगाचीच. ही पद्धत सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल 2025 मध्ये घटनेला धरून असल्याचं सांगितलं. करारच अन्याय्य आहे असं म्हणायचं असेल तर मात्र जिल्ह्यात नाही, राज्य आयोगात जावं लागतं.

लवादाचा अडथळा गेला. मग नवी गाडी मिळेल?

सावकाश. लवादाचं कलम बाजूला सारणं हा सोपा भाग आहे, दोष सिद्ध करणं हा खरा. वॉरंटीत ‘सदोष भाग बदलून देऊ’ असेल तर अख्खी गाडी बदलून मागता येत नाही, असं मारुती उद्योगच्या 2006 च्या निकालात आहे. उत्पादनातलाच दोष आहे म्हणायचं तर तज्ज्ञाचा अहवाल लागतो. आयोग गाडी तपासायला पाठवू शकतो. पिथमपुरात 11.3 किलोमीटरचा टेस्ट ट्रॅक उभा आहे, पण तुमची गाडी तिथे पळवून बघायला कोणी नेणार नाही. बहुधा अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या एखाद्या प्राध्यापकांकडे जाते आणि ते आधी जॉब कार्ड, म्हणजे सर्व्हिस सेंटर तक्रार नोंदवतं तो कागद, मागतात.

म्हणून प्रत्येक वेळी जॉब कार्डवर तक्रार तुमच्या शब्दांत लिहून घ्या. तुम्ही सांगता, ‘दुसऱ्या गिअरवर चढाला गाडी झटका देते’. सर्व्हिस अॅडव्हायझर लिहितो, ‘जनरल चेकअप’. सहा वेळा गेलात आणि सहा वेळा ‘जनरल चेकअप’ असेल, तर कागदावर तुमची गाडी ठणठणीत आहे.

अपवाद आहेत. समोरून धडक बसूनही एअरबॅग उघडली नाही, अशा प्रकरणात 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ग्राहकाची बाजू उचलून धरली आणि म्हटलं की वेग-बलाची गणितं मांडायला ग्राहक म्हणजे भौतिकशास्त्राचा जाणकार नव्हे.

बुकिंगच्या वेळीच ते कलम खोडलं तर?

शोरूमवाला हसेल आणि म्हणेल, ‘भिया, सिस्टम में नहीं होता.’ ग्राहक म्हणून तुम्हाला तशी गरजही नाही. त्या वेळात कर्जाच्या कराराची पूर्ण प्रत ईमेलवर मागा. ई-सही करताना तो चाळीस पानांचा कागद कोणी वाचत नाही, आणि नंतर मागितला की महिना जातो.

मुलगा अमेरिकेत आहे. तो म्हणतो, तिथे असं कलम मोडता येत नाही.

त्याच्या जागी तो बरोबर आहे. तिथे 1925 चा संघीय लवाद कायदा आहे. 2011 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने, ‘फुकट’ फोनवर आकारलेल्या 30 डॉलर 22 सेंटच्या वादात, तो कायदा राज्यांच्या ग्राहकधार्जिण्या नियमांवर मात करतो असा निकाल दिला. यातली खरी मौज डीलरांची. 2002 मध्ये तिथल्या गाडी विक्रेत्यांनी स्वतःसाठी कायदा करून घेतला की उत्पादक त्यांच्यावर लवाद लादू शकणार नाही, वाद झाल्यावर दोघांची लेखी संमती असेल तरच. आणि तेच विक्रेते गिऱ्हाइकाच्या करारात लवादाचं कलम घालत राहिले. मुलाला सांगा, हा सल्ला तिकडे वापरू नकोस.

तक्रारीला मुदत किती?

वादाचं कारण घडल्यापासून दोन वर्षं. उशिराचं कारण पटलं तर माफी मिळते, पण शोरूमच्या मॅनेजरशी चाललेली ‘दिवाळीनंतर बघू’ ही बोलणी कारण म्हणून सहसा पटत नाहीत. मागच्याच महिन्यात एक जण दोन वर्षं आणि अकरा दिवसांनी आले, मोबाइलमध्ये मॅनेजरचे त्रेसष्ट ‘नमस्कार जी’ घेऊन. विलंबमाफीचा अर्ज टाइप करायला दिला आहे.